मुंबईच्या म्यूझियमला जाण्याआधी कमल बसदीत अर्धा तास बसा

बेळगावची माणसं मुंबईला दवाखान्यासाठी जातात, लग्नासाठी जातात, मुलाच्या मुलाखतीसाठी जातात. मधे एखादी दुपार मोकळी मिळाली तर गेटवे बघतात, आणि तिथून जवळच आहे म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात शिरतात. पहिल्यांदा मीही तसाच शिरलो. दोन तासांत सगळे मजले पालथे घातले आणि रात्रीची गाडी पकडली. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय काय बघितलंस? मला एकाही मूर्तीबद्दल धड सांगता आलं नाही. ‘मूर्ती होत्या पुष्कळ’ एवढंच बोललो. त्याची रुखरुख अजून आहे, कारण त्याच दालनात आपल्या मलप्रभेच्या काठची एक शिळा होती आणि मी घड्याळ बघत तिच्यासमोरून निघून गेलो होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मध्ययुगीन कलेचं संग्रहालय पहिल्यांदाच बघायला निघालेल्या माणसासाठी हे लिहितोय. मध्ययुगीन म्हणजे ढोबळमानानं ७व्या शतकापासून १७व्या शतकापर्यंतचं. चालुक्य, राष्ट्रकूट, कदंब, शिलाहार, रट्ट, यादव, आदिलशाही, सगळे यात आले. ही नावं परकी नाहीत. आपल्या गावांच्या वेशीवर त्यांचे दगड उभे आहेत. म्हणून तिकीट काढण्याआधीची पहिली पायरी घरातच आहे.

पहिली पायरी: आपल्या किल्ल्यात जा

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ च्या सुमाराची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं हे जिनालय, म्हणजे जैन देऊळ, बांधलं. आत काळ्या पाषाणातले नेमिनाथ आहेत. एखादा मोकळा रविवार काढा, सकाळी लवकर जा. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, तिथं मोबाइल खिशातच ठेवा.

मंडपात गेल्यावर लगेच गाभाऱ्याकडे वळू नका. खाली बसा आणि मान वर करा. छतातून एक दगडी कमळ खाली उतरलंय. पाकळ्या ७२, भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतल्या २४-२४ तीर्थंकरांच्या. मान दुखेपर्यंत बघा. मग खांबांकडे या. काताऱ्यानं लाकूड कातावं तसे ते गोल कातलेत. बोट न लावता, तिरक्या उजेडात त्यांच्या कडा बघा. नंतरच्या चालुक्यांच्या काळात कारागिरांनी बारीक कणांचा, मऊ कोरता येणारा दगड वापरायला घेतला, म्हणून इतकी नाजूक कड काढता आली.

तिथं बसल्या बसल्या तीन गोष्टी मनाशी नोंदवा. उजेड कुठून येतो? मूर्ती तुमच्या डोळ्यांपेक्षा किती वर किंवा खाली आहे? आणि तिच्या आजूबाजूला काय आहे? संग्रहालयात मूर्ती असते, पण या तीन गोष्टी तिथं नसतात. त्या आपल्याला मनात घेऊन जाव्या लागतात. एकदा कमळाखाली बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट कळू दे. किल्ल्यातल्या रट्टांच्या जिनालयाला दिलेल्या दानांचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. देऊळ इथं, त्याचा दानलेख तिथं. संग्रहालय म्हणजे काय हे बेळगावच्या माणसाला याहून जवळून कुणी शिकवू शकत नाही.

वेळ असेल तर आणखी एक फेरी करा. खानापूर तालुक्यातलं हलशी बेळगावहून साधारण ४० किलोमीटर. जुन्या कदंबांची पलाशिका ती हीच. तिथल्या भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मंडपाच्या मध्यावर उभं राहिलं की एका बाजूला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला भूदेवीला उचलून घेतलेला वराह. निपाणी-चिकोडीच्या लोकांना खिद्रापूर जवळ पडेल. कृष्णेकाठचं कोपेश्वराचं देऊळ, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, आणि वर मोकळं गोल आकाश. कित्तूरकडच्या लोकांनी देगावचं कमलनारायण देऊळ बघावं. गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं १२व्या शतकात ते उभारलं. तिन्ही बघायची गरज नाही, एक नीट बघा.

दुसरी पायरी: वीरगळ वाचायला शिका

ही पायरी गाळू नका. संग्रहालयातल्या अर्ध्या गोष्टी इथंच उलगडतात.

आपल्याकडे गावोगावी मारुतीच्या देवळामागं, तळ्याच्या काठाला, चिंचेखाली चौकोनी उभे दगड असतात. त्यांना तेल-शेंदूर लावलेला असतो, कुणी त्यांना म्हसोबा म्हणतं, कुणी नुसतंच ‘देव’. त्यातले पुष्कळ वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. तिथं गायी कोरलेल्या असतील तर समजा, गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील. कधी तीन चौकटी, कधी चार. क्रम तोच.

सतीच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात दिसतो. जैन निषिधी असेल तर त्यावर सल्लेखना घेतलेल्या, म्हणजे उपवास करत स्वेच्छेनं देह ठेवलेल्या व्यक्तीची आठवण असते. दगडावर खाली-वर दोन ओळी अक्षरं दिसली तर बहुतेक ती हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड असणार. ती वाचण्यासाठी शेजारच्या कन्नड मास्तरांना सोबत घेऊन जा. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी मला एक ओळ लावून दाखवली होती. बोट हवेत फिरवत, दगडाला न लावता. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी कन्नडात वाचायचं, मग दोघांनी मिळून अर्थ लावायचा. या भागात राहण्याचा हा मोठा फायदा आहे आणि आपण तो फारसा घेत नाही.

असे दोन वीरगळ गावात वाचून झाले की कुठल्याही संग्रहालयाच्या आवारात ओळीनं मांडलेले वीरगळ तुमच्याशी बोलतील. बाकी लोक त्यांच्यावर हात टेकून फोटो काढत असतात.

तिसरी पायरी: जाण्याआधीचा आठवडा

कागद घ्या आणि तुम्हाला बघायच्या दहा-बारा गोष्टी लिहा. जास्त नको. एवढं मोठं संग्रहालय एका दिवसात बघता येत नाही आणि तसा हट्ट धरला की पाय दुखतात, मन थकतं, शेवटच्या दालनात तर नुसते दरवाजे शोधत फिरतो माणूस. संग्रहालयाचं संकेतस्थळ आहे, त्यावर दालनांची नावं आणि काही निवडक वस्तूंचे फोटो असतात. त्यातून निवडा. वेळ, तिकिटाचा दर आणि सुट्टीचे दिवस त्याच ठिकाणी त्या आठवड्यात तपासा, कुणाच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर विसंबू नका.

शक्यतो मधला वार धरा. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सहलींच्या दिवसांत गर्दी असते. सकाळी उघडतानाच आत गेलात तर शिल्पांच्या दालनात पहिला तासभर निवांत मिळतो.

सोबत काय घ्यावं? छोटी वही, पेन्सिल, चष्मा, पाण्याची बाटली, आणि पायाला सरावलेले जुने बूट. नवे बूट घालून चार तास फरशीवर उभं राहू नका.

चौथी पायरी: पोचणं

बेळगाव स्टेशनवरून मिरज-पुणे मार्गे थेट दादरला जाणाऱ्या गाड्या आहेत. रात्रीच्या स्लीपर बसही पुष्कळ. दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल पकडून चर्चगेटला उतरा. तिथून ओव्हल मैदान ओलांडून, राजाबाई टॉवरच्या अंगानं चालत गेलं की वीसेक मिनिटांत काळा घोडा, संग्रहालय तिथंच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात तर वाटेत हुतात्मा चौक लागतो. सीमाभागातल्या माणसाला तो चौक काय आहे हे मी सांगायला नको. तिथं दोन मिनिटं थांबूनच पुढं जावं.

मोठी बॅग मित्राकडे, नातेवाइकांकडे किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. दालनात मोठी पिशवी नेऊ देत नाहीत आणि देऊही नये. वळताना पाठीवरची पिशवी कशावर आपटली हे आपल्याला कळतही नाही.

पाचवी पायरी: आत शिरण्याआधी इमारत बघा

तिकीट काढल्यावर बागेत थांबा. या इमारतीची पायाभरणी १९०५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते झाली, म्हणून जुनी माणसं अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. १९१४ मध्ये बांधकाम झालं, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इथं लष्करी दवाखाना चालला. लोकांसाठी ती उघडली १९२२ मध्ये.

कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. घुमटाची धाटणी गोवळकोंड्याची, आणि आतल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेल्या. गोलघुमट बघितलेला असेल तर मधल्या दालनात उभं राहून वर बघा, कमानी एकमेकींत कशा गुंतल्यात ते ओळखीचं वाटेल. पहिल्या मजल्याच्या गोल कठड्यात नाशिककडच्या एका वाड्याचं लाकडी कमानकाम बसवलंय. म्हणजे ही इमारतसुद्धा ठिकठिकाणचे तुकडे जोडून उभी आहे.

ऑडिओ गाइड मिळतो. मराठीत आहे का ते खिडकीवरच विचारा. मोबाइलनं फोटो काढण्याचे नियम तिकिटाबरोबर विचारून घ्या. फ्लॅश मात्र कुठंच नको.

सहावी पायरी: शिल्पांचं दालन, आणि इथं घाई नाही

आधी एक फेरी नुसती मारा. काही वाचू नका. पंधरा मिनिटांत कळतं की पाय कुठं थबकतात. मग कागद काढा आणि परत पहिल्यापासून सुरू करा.

प्रत्येक शिल्पासमोर पहिला प्रश्न दगडाचा. डोळ्यांनीच बघा. तांबूस, वाळूसारखा कणीदार दगड असेल तर तो वालुकाश्म, बहुधा बदामी-ऐहोळे-पट्टदकलचा किंवा उत्तरेकडचा. काळा-करडा, खडबडीत, सह्याद्रीच्या कातळासारखा असेल तर बेसाल्ट, म्हणजे घारापुरी, वेरूळच्या घरचा. पांढरा संगमरवर बहुतेक वेळा गुजरात-राजस्थानकडून आलेला. आणि गुळगुळीत, हिरवट-काळा, ज्याच्यावर दागिन्याचा मणी न् मणी मोजता येतो, तो नंतरच्या चालुक्यांचा, होयसळांचा. कमल बसदीत बघितलेल्या खांबांची इथं आठवण ठेवा. अंदाज बांधा आणि मग फलक वाचून बरोबर की चूक ते बघा. चार-पाच मूर्तींनंतर अंदाज बरोबर यायला लागतो, आणि तो आनंद काही वेगळाच.

दुसरा प्रश्न हातांचा. आईला घेऊन मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. विष्णूच्या एका उभ्या मूर्तीसमोर आई थांबली, चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. तिथला रखवालदार म्हणाला, “आजी, इथं चपला घातल्या तरी चालतात.” आई म्हणाली, “तुम्हाला चालत असेल बाबा, देव उभा आहे न्हवं समोर.” हात जोडले. मग डोळे बारीक करून ती आयुधं मोजायला लागली. शंख, चक्र, गदा, पद्म. वडील रोज संध्येला ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ म्हणायचे, ती २४ नावं तिला ऐकून पाठ. मी तिला सांगितलं की ही २४ नावं म्हणजे २४ मूर्ती आहेत. आयुधं तीच चार, फक्त कोणत्या हातात कोणतं हा क्रम बदलतो आणि नाव बदलतं. आई कितीतरी वेळ त्या चार हातांकडे बघत राहिली. साठ वर्षं कानावर पडलेला मंत्र तिला त्या दिवशी डोळ्यांना दिसला. त्या दिवशी आम्ही त्या दालनात फार तर आठ मूर्ती बघितल्या. माझ्या मते कुणीही याहून जास्त बघू नयेत.

तर हात बघा. खालच्या उजव्या हातापासून सुरू करा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे फिरा, आणि वहीत तसेच लिहा. हात तुटला असेल तर वाहन बघा: गरुड, नंदी, हंस, मोर, उंदीर, रेडा. जिनमूर्ती, म्हणजे तीर्थंकराची मूर्ती असेल तर डोक्यावरची नागाची फणा म्हणजे बहुधा पार्श्वनाथ. बैठकीवरचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह बघा: बैल ऋषभनाथाचा, शंख नेमिनाथाचा, सिंह महावीराचा. उभी असेल, हात गुडघ्यांकडे सोडलेले आणि अंगाला न लागलेले, तर ती कायोत्सर्गात, म्हणजे उभ्यानं ध्यानात आहे. आपल्याकडे घरटी जैन शेजारी आहेत, ही माहिती त्यांच्याकडून आधीच विचारून घेता येते.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा: ही मूर्ती मुळात कुठं होती? इथं मी तुम्हाला त्या शिळेपाशी नेतो, जिच्यासमोरून मी पहिल्यांदा निघून गेलो होतो.

ऐहोळेच्या एका देवळातून आलेल्या छताच्या शिळा या संग्रहालयात आहेत. साधारण ७व्या शतकाच्या, चालुक्यांच्या. त्यातल्या एकीवर ब्रह्मदेव बसलाय. तीन तोंडं दिसतात, चौथं मागं, दगडाच्या पोटात. भोवती ऋषी, जवळ हंस. आज ती शिळा डोळ्यांसमोर उभी लावलेली आहे, चित्रासारखी. पण ती छतात होती. देवळात शिरलेला माणूस मान वर करून तिला बघायचा, तेही दारातून आलेल्या, जमिनीवरून परतलेल्या अंधूक उजेडात. आता कमल बसदीतला तो अर्धा तास उपयोगी पडतो. शिळेसमोर उभं राहून क्षणभर डोळे मिटा, मान मागं टाका, ती डोक्यावर आहे असं धरा, आणि मग डोळे उघडून बघा. ऋषींचे हात, वळलेली शरीरं, सगळ्यांचा रोख मधल्या देवाकडे का आहे हे तेव्हा कळतं. खालून बघणाऱ्याच्या नजरेला मध्यापर्यंत ओढून न्यायचं काम ते करतात.

आणि हे ऐहोळे कुठलं? खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तीच नदी खानापूरवरून, सौंदत्तीच्या धरणातून पुढं पट्टदकल आणि ऐहोळेच्या काठानं जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आपल्या खानापुरात पुलावरून जे पाणी बघतो, तेच पाणी या दगडाच्या गावाला जातं. ती शिळा बघताना परकं वाटण्याचं काही कारण नाही.

तुटक्या मूर्तींबद्दल एक गोष्ट. तुटलेलं नाक आणि हात बघून लोक लगेच पुढं जातात किंवा कुणी फोडलं यावर वाद घालतात. काही मूर्ती फोडल्या गेल्या हे खरं आहे, काही देवळं कोसळून तुटल्या, काही नेताना, काही शेतात नांगराखाली आल्या. फलक जेवढं सांगतो तेवढंच धरा. तुटलेल्या जागेचा फायदा हा की तिथं दगडाचं आतलं अंग दिसतं, खरा रंग आणि कण तिथंच बघता येतो.

हात लावायचा नाही. हे आपल्याला जड जातं, कारण आपल्याकडे देवाला हात लावून तो कपाळाला नेणं म्हणजे श्रद्धा. देवळात रोज पूजा, अभिषेक, पुसणं-धुणं असतं, मूर्तीची काळजी घेणारं कुणीतरी असतं. इथं हजारो हातांचा घाम आणि तेल दगडात मुरतं आणि डाग राहून जातो. नमस्कार लांबून करा. आई तेच करत होती.

सातवी पायरी: फलक कसा वाचावा

मूर्तीआधी फलक वाचू नका, मूर्तीनंतर वाचा. फलकावर साधारणपणे नाव, ठिकाण, शतक, दगड किंवा धातू, आणि एक नोंदणी क्रमांक असतो. ‘१२वं शतक’ म्हणजे ११०१ ते १२००, यात नवखी माणसं हमखास चुकतात. ठिकाणाचं नाव वहीत लिहून घ्या. नोंदणी क्रमांकही टिपून ठेवा, पुढं एखाद्या पुस्तकात किंवा संकेतस्थळावर तीच मूर्ती शोधायची तर तो लागतो. नाव कुठंही मिळतं, पण ‘विष्णू’ नावाच्या शेकडो मूर्ती असतात.

आठवी पायरी: वरच्या मजल्यावरची चित्रं

शिल्पांनंतर तडक चित्रांकडे जाऊ नका. बाहेर या, बसा, चहा घ्या, सोबत आणलेली भाकरी-चटणी बागेत नियम असेल तशी खा. अर्ध्या तासानं वर जा.

लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद असतो. लोक कुरकुरतात, पण त्याला कारण आहे. कागद आणि वनस्पतींचे रंग उजेडानं उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून असं चित्र साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे घरातल्या संध्याकाळच्या दिव्याएवढ्या उजेडात ठेवतात. डोळ्यांना पाच मिनिटं द्या, सवय होते.

मूर्ती लांबून बघायची, लघुचित्र जवळून. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. मांडीवर किंवा हातात पोथी धरून बघण्यासाठी होती. काचेपासून वीतभर अंतरावर थांबा, श्वास काचेवर पडू देऊ नका. एका कोपऱ्यापासून सुरुवात करा: झाडाची पानं, पागोट्याचा पीळ, पदराची किनार. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला असायचा, कधी टोकाला दोन-चारच केस.

या संग्रहालयात ‘लौर-चंदा’ या प्रेमकथेच्या पोथीची सल्तनतकाळातली पानं आहेत, अकबराच्या चित्रशाळेतली ‘अन्वार-ए-सुहैली’ ही प्राणिकथांची पोथी आहे, राजस्थानी आणि पहाडी चित्रं आहेत. आपल्या माणसानं दख्खनी शैलीची चित्रं मात्र चुकवू नयेत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, राज्यकाळ १५८० ते १६२७, संगीताचा आणि चित्रांचा वेडा. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच होतं. दख्खनी चित्रात सोनं भरपूर, जांभळे आणि गर्द निळे-हिरवे रंग, आणि मागं स्वप्नातली वाटावी अशी झाडं-डोंगर. शेजारी मुघल चित्र लावलेलं असेल तर दोन्ही पाळीपाळीनं बघा. मुघल चित्रकार चेहरा आणि प्रसंग नेमका पकडतो, दख्खनचा रंगात रमतो. मला दख्खनी जास्त आवडतात. आमच्या बाजूची आहेत म्हणून असेल, पण एकदा बघून तुम्हीच ठरवा.

मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर

मुलांना व्याख्यान देऊ नका. प्रत्येकाला वही द्या आणि एकच काम सांगा: तुला आवडेल ती एक मूर्ती काढ. चित्र वाईट आलं तरी चालेल, पण काढताना मूल हात, मुकुट, वाहन सगळं बघतं. कीर्तिमुख शोधायला सांगितलं की तासभर निघतो: वटारलेले डोळे, खालचा जबडा नसलेलं तोंड, देवाच्या डोक्यावर किंवा दाराच्या वर बसलेलं. प्राण्यापक्ष्यांचा विभाग शेवटी दाखवा, आधी दाखवलात तर मुलं तिथून हलत नाहीत.

वडीलधाऱ्यांना बाकावर बसवा आणि बाकासमोर जे असेल तेच त्यांना नीट दाखवा. व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा.

मुंबईऐवजी बंगळूर गाठणार असाल तर

पुष्कळांची मुलं आता तिकडेच नोकरीला. कस्तुरबा रस्त्यावरचं सरकारी संग्रहालय १८६५ पासूनचं आहे. तिथं होयसळांची शिल्पं बघाच, पण त्याआधी आतकूरचा दगड शोधा. १०व्या शतकाच्या मध्यावरचा हा स्मारकशिलालेख, आणि त्यावर काळी नावाची एक कुत्री रानडुकराशी झुंजताना कोरलीय. झुंजीत दोघंही मेली, आणि तिच्या मालकानं तिच्यासाठी दगड उभा केला. वीरगळ वाचायला शिकलेला माणूस हा दगड बघून गप्प होतो.

परत आल्यावर

गाडीतच वही काढा. दहा-बारा नावांसमोर ठिकाणं लिहिलेली असतील. त्यातली आपल्याजवळची वेगळी करा: ऐहोळे, बदामी, पट्टदकल, विजापूर. विजापूरला गोलघुमटाच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ऐहोळेला देवळांच्या आवारातच आहे. ऐहोळे बेळगावहून पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. आईबरोबर मी गेलो तेव्हा तिनं देवळात शिरल्या शिरल्या, काही बोलण्याआधी, मान वर केली. छतातल्या शिळांच्या जागा भरलेल्या नव्हत्या की भरलेल्या होत्या हे तिला मंद उजेडात नीट दिसेना, तर तिथल्या माळ्याला हाक मारून तिनं विचारलं, “मुंबईला नेलेला ब्रह्मदेव ह्याच देवळातला का हो?” तो म्हणाला, “ह्यातला नाही आज्जी, पलीकडच्यातला,” आणि कमरेला विळा खोचून आम्हाला वाट दाखवायला पुढं निघाला.